चुडा तेवढा हिरवा, बाकी काळं-पांढरं

अल्बमचे फोटो निवडायला बसलेल्या घरात एक मागणी ठरलेली असते. "ताई, ह्या फोटोत बांगड्या तेवढ्या कलरमध्ये ठेवा, बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट करा." मिरजेत लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. काही फोटोग्राफर या प्रकाराला नाकं मुरडतात, जुनी फॅशन म्हणतात. माझं मत असं की अख्ख्या अल्बममध्ये असा एक फोटो शोभतो, दुसरा डोळ्यांवर येतो. पण जो एक असेल तो नीट झाला पाहिजे, आणि तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगीत भागाचा नसतो, करड्या भागाचा असतो. लोक बांगड्यांच्या कडा तासभर कोरतात आणि उरलेला जवळजवळ सगळा फोटो एका क्लिकवर 'डीसॅच्युरेट' करून, म्हणजे रंग उडवून, मोकळे होतात. मग मातकट कागदावर टिकली चिकटवल्यासारखा तो हिरवा दिसतो.

म्हणून एकच फोटो धरून सगळं काम सांगते. नवरीचे दोन हात, कोपरापर्यंत. हिरवा चुडा, चुड्याच्या मागेपुढे सोन्याच्या पाटल्या आणि तोडे, तळहातावर मेंदी, दंडाशी लाल ब्लाउजची बाही, आणि मांडीवर हिरव्या काठाची पिवळी अष्टपुत्री. मी सांगते ते गिंप या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. फोटोशॉपमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन. मोबाइलवाल्यांनी शेवटाकडे जावं, पण मधलं वाचूनच.

फोटो निवडताना

सगळे प्रोग्रॅम रंग एका चक्रावर मोजतात, ० ते ३६० अंशांत. लाल शून्यावर, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. माणसाची कातडी गोरी असो की सावळी, चांगल्या उजेडात ती साधारण १० ते ४० अंशांच्या आत सापडते. फरक असतो तो उजळ-गडदपणाचा. मेंदी तिथेच. भगवा तिथेच. सोनं थोडं पुढे, चाळीस-पन्नासच्या आसपास, आणि हळद त्याला लागूनच. हिरवा चुडा मात्र या सगळ्यांपासून लांब, १३० ते १६०च्या पट्ट्यात. म्हणून चुडा हे या कामाचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. मशीनला तो आपोआप वेगळा काढता येतो.

याच हिशेबाने वारीतला फोटो फसवा ठरतो. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, मधे एक भगवी पताका. बघणाऱ्याला वाटतं, याहून सोपं काय असणार? पण पताका आणि वारकऱ्याचा उन्हाने रापलेला चेहरा चक्रावर शेजारी-शेजारी बसतात. रंगावरून निवड केली की निम्म्या दिंडीचे गाल रंगीत राहतात. तिथे पताका हातानेच कापून काढावी लागते. आषाढातल्या ढगाळ आभाळापुढे ती फडकत असली तर कड स्वच्छ मिळते, गर्दीपुढे असली तर धीर धरा.

हळदीच्या फोटोला मी सरळ नाही म्हणते. हळद कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते याची रेघच नसते. फारच हट्ट असेल तर वाटीतली हळद रंगीत ठेवते, अंगावरची नाही. आणि हॉलमध्ये जांभळ्या, गुलाबी एलईडीचा मारा असेल तर चुड्याचाही नाद सोडा. जांभळ्या उजेडात हिरवा रंग जवळजवळ काळा पडतो. फाइलमध्ये हिरवं उरलेलंच नसतं तर ठेवणार काय? तसा फोटो पूर्ण काळा-पांढरा करा, उलट खुलेल.

ओठ आणि डोळ्यांची बुबुळं रंगीत ठेवून देत नाही. पैसे जास्त देतो म्हणाले तरी नाही.

मूळ फाइल मागून घ्या

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर हे काम करू नका. कारण फक्त आकाराचं नाही. जेपीईजी फाइल लहान करताना उजळ-गडदपणाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते, पण रंगाची नोंद बहुधा चार पिक्सेलना मिळून एकच असते. पूर्ण रंगीत फोटोत हे कळत नाही, कारण शेजारीही रंगच असतो. आपण शेजारचा रंग काढून टाकतो, आणि मग बांगडीच्या कडेला सांडलेली हिरवी धूळ उघडी पडते. मेमरी कार्डवरची मूळ फाइल घ्या, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेली फाइल, असेल तर उत्तमच. व्हॉट्सअॅपशिवाय मार्गच नसेल तर समोरच्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नाही.

करडा आधी

फोटो गिंपमध्ये उघडा आणि लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या थराची, नक्कल करा: 'लेयर', मग 'डुप्लिकेट लेयर'. खालचा लेयर रंगीतच राहणार, त्याला आत्ता हात लावायचा नाही. वरचा करडा करायचा.

इथेच बहुतेक जण 'कलर्स' मेनूतल्या 'डीसॅच्युरेट'वर क्लिक करून पुढे जातात. त्यात काय होतं ते आकड्यांत बघा. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत नोंदलेला असतो, प्रत्येक ० ते २५५. गिंपचा 'लुमा' पर्याय लाल आकड्याचे साधारण २२ टक्के, हिरव्याचे ७२ आणि निळ्याचे ६ टक्के घेऊन एक करडा आकडा बनवतो. आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात प्रखर भासतो, त्यावरून आलेलं हे प्रमाण आहे. आता ब्लाउजची लाल बाही घ्या, समजा २००-४०-४०. तिचं उत्तर येतं ७५. अष्टपुत्रीचा हिरवा काठ घ्या, समजा २०-९५-५०. त्याचंही उत्तर ७५च्या वर जेमतेम. रंगीत फोटोत एकमेकांशी भांडणारे लाल-हिरवे करड्यात हुबेहूब एक झाले. बाही आणि काठ मिळून एक सपाट गडद डाग दिसतो, आणि मग 'फोटो मळका का वाटतो' ते कळत नाही.

त्यापेक्षा 'कलर्स', 'डीसॅच्युरेट', 'मोनो मिक्सर' उघडा. तिथे लाल, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या मिळतात. या फोटोसाठी मी लाल ०.५, हिरवा ०.४, निळा ०.१ अशा ठिकाणी सुरुवात करते. तिघांची बेरीज एकच्या आसपास राहिली की एकूण उजेड बदलत नाही. लाल वाढवला की कातडी उजळते, तिच्यावरचे डाग कमी होतात आणि लाल बाही हिरव्या काठापासून सुटी होते. निळा वाढवला की उलट, चेहऱ्यावरचा प्रत्येक पुरळ मोठा होतो. पण लाल फार ताणला तर मेंदी फिकी पडते, कारण मेंदीत लालच जास्त. मेंदी रंगली म्हणून कौतुक झालेलं असतं, आणि अल्बममध्ये ती पुसट आली तर नवरी तोंडावर काही बोलणार नाही, पण गप्प होईल. मेंदीची नक्षी आणि हात यांत स्पष्ट फरक दिसेल तिथे पट्टी थांबवा.

फोटोशॉपमध्ये हेच काम 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा अॅडजस्टमेंट लेयर करतो, आणि जास्त बारकाईने करतो. त्यात लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, किरमिजी अशा सहा पट्ट्या आहेत. अष्टपुत्रीसाठी पिवळ्याची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर पिवळं रेशीम पांढऱ्या धोतरासारखं कोरं होतं आणि त्याच्या चुण्या दिसेनाशा होतात.

करडा करताना फोटो फक्त काळा-पांढरा म्हणूनही बघावासा वाटला पाहिजे. तसा नसेल तर पुढे जाऊ नका. हिरवा रंग त्याला वाचवणार नाही.

एक इशारा: 'इमेज' मेनूतला 'मोड', 'ग्रेस्केल' हा पर्याय वापरायचा नाही. त्याने सगळ्या फाइलचाच रंग जातो, खालच्या लेयरचाही.

चुडा निवडणं

आता लेयरच्या यादीत वरच्या करड्या लेयरशेजारचं डोळ्याचं चित्र बंद करा आणि खालच्या रंगीत लेयरवर क्लिक करा. निवड इथे करायची आहे.

आधी 'फ्री सिलेक्ट' टूलने चुड्याभोवती सैल वेढा घाला. अचूक असायची गरज नाही, फक्त अष्टपुत्रीचा काठ वेढ्याबाहेर राहिला पाहिजे, कारण तोही हिरवाच आहे. मग 'सिलेक्ट बाय कलर' टूल घ्या आणि त्याच्या पर्यायांत 'सिलेक्ट बाय' या ठिकाणी 'एचएसव्ही ह्यू' निवडा. याचा अर्थ, उजळ-गडद न बघता फक्त चक्रावरचा अंश बघ. शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही दाबून बांगडीवर क्लिक केलंत की सैल वेढ्याच्या आतलं हिरवं तेवढंच शिल्लक राहतं. कमी-जास्त वाटलं तर 'थ्रेशोल्ड', म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, हलवून पुन्हा करा.

वेढा आधी घालण्याचं आणखी एक कारण आहे. अगदी काळ्या आणि अगदी करड्या पिक्सेलना ठाम असा रंग नसतो, त्यांचा अंश कुठेही भरकटतो. वेढा नसेल तर केस, सावल्या, मांडवाचा अंधारा कोपरा असं काहीही हिरव्यात मोजलं जातं.

फोटोशॉपवाल्यांनी लॅसोने वेढा घालून 'सिलेक्ट', 'कलर रेंज' उघडावं. ते वेढ्याच्या आतच शोधतं. शिफ्ट धरून बांगड्यांच्या उजळ आणि गडद, दोन्ही भागांवर क्लिक करा, आणि 'फझीनेस' हळूहळू वाढवा.

निवड झाली की तिची कड मऊ करायला 'सिलेक्ट', 'फेदर'. सहा हजार पिक्सेल रुंद फाइलला एक-दोन पिक्सेल पुरे. आता करड्या लेयरचा डोळा उघडा, त्याच्यावर उजवं क्लिक, 'अॅड लेयर मास्क'. तिथे 'सिलेक्शन' निवडा आणि 'इन्व्हर्ट मास्क'वर टिक करा. चुडा हिरवा होऊन वर येईल. मग 'सिलेक्ट', 'नन' करून निवड सोडा, नाहीतर ब्रश निवडीबाहेर चालत नाही.

मास्क ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी: मास्क पांढरा तिथे वरचा करडा लेयर दिसतो, काळा तिथे तो लपतो आणि खालचा रंग दिसतो, मधला करडा तिथे अर्धा-अर्धा. काहीही खोडलं जात नाही. काळ्या ब्रशने रंग आणा, पांढऱ्याने परत न्या. 'एक्स' दाबलं की ब्रशचा काळा-पांढरा अदलाबदल होतो, आणि चौकटी कंसांच्या बटणांनी ब्रश लहान-मोठा होतो. ही बटणं बोटांना सवयीची झाली की काम निम्म्यावर येतं. इरेझरने वरचा लेयर खोडण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. ती सोडा, कारण खोडलेलं परत आणताना रडायला होतं.

कडा, काच आणि सोनं

आता फोटो शंभर टक्के झूम करून बांगडी-बांगडी तपासायची. काचेच्या बांगड्यांची गंमत अशी की त्यांच्यावरची चमक पांढरी असते. पांढऱ्याला रंग नसल्यामुळे ती मास्कमध्ये आली काय, राहिली काय, फरक पडत नाही. तिथे वेळ घालवू नका. वेळ द्या तो दोन बांगड्यांच्या फटीला. तिथे कातडीची बारीक चीर राहते, ती रंगीत राहिली तर चुड्यात गंज चढल्यासारखा नारिंगी कचरा दिसतो. पांढरा ब्रश अगदी बारीक करून तेवढ्या चिरा करड्या करा.

ब्रशचा कडकपणा फोटोच्या फोकसशी जुळवायचा. लग्नातले फोटो हल्ली मोठ्या अॅपर्चरवर काढतात, पुढच्या दोन बांगड्या धारदार आणि मागच्या धूसर. पुढे 'हार्डनेस' ८०च्या आसपास ठेवा, मागे शून्यावर आणा. धूसर बांगडीला कात्रीने कापल्यासारखी कड दिली की ती लगेच खोटी वाटते.

मग मनगट बघा. चुड्याचा हिरवा उजेड कातडीवर पडलेला असतो, सोन्यावरही. तो पूर्ण पुसला तर बांगड्या हातात भरलेल्या वाटत नाहीत, वरून ठेवलेल्या वाटतात. ब्रशची 'ओपॅसिटी', म्हणजे दाटपणा, २०-२५ वर आणून, मऊ काळ्या ब्रशने बांगडीच्या कडेच्या कातडीवर एकदा हलकेच फिरवा. हिरवी झाक किंचित परत येते. एवढ्याने फोटो जागेवर बसतो.

सोन्याचा प्रश्न वेगळाच. पाटल्या करड्या केल्या की त्या चांदीच्या दिसतात. आमच्याकडे हे चालत नाही. पाटल्या कुणी घातल्या, किती तोळ्याच्या, हे सगळ्या भावकीला माहीत असतं, आणि अल्बममध्ये त्या स्टीलच्या दिसल्या तर फोन येतो. म्हणून हात दिसत असतील तर चुडा आणि सोनं दोन्ही रंगीत ठेवते. सोनं चक्रावर कातडीच्या शेजारी असल्यामुळे रंगावरून निवड इथे कामाची नाही. गिंपचं 'पाथ्स' किंवा फोटोशॉपचं 'पेन' टूल घेऊन पाटलीची बाहेरची आणि आतली कड आखा, पाथची निवड बनवा, आणि मास्कवर काळा भरा. मंगळसूत्राचंही हेच, फक्त काळ्या मण्यांवर मेहनत करू नका. ते तसेही काळेच.

शेवटी मास्कच्या छोट्या चौकटीवर 'ऑल्ट' धरून क्लिक करा. पडद्यावर नुसता मास्क दिसतो. पांढऱ्या मैदानात कुठे काळे ठिपके सांडले असतील, किंवा चुड्याच्या काळ्यात पांढरी भोकं असतील, ती इथे लगेच सापडतात. फोटोत ती नजरेतून सुटतात आणि छापल्यावर दिसतात. परत त्याच चौकटीवर 'ऑल्ट' क्लिक केलं की फोटो येतो.

करडा खरंच करडा आहे का

कुंकू लाल ठेवलेल्या फोटोबद्दल एक तक्रार येते: "चेहरा हिरवट दिसतोय." आकडे तपासले तर लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे, म्हणजे चेहरा काटेकोर करडा. तरी तक्रार खोटी नसते. गडद रंगाशेजारचा करडा आपल्या डोळ्याला विरुद्ध रंगाकडे झुकलेला भासतो. लालाशेजारी हिरवट, हिरव्याशेजारी तांबूस. फ्रान्समध्ये भिंतीवरचे पडदे विणणाऱ्या गोब्लँच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्रोल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली हे सविस्तर मांडलं. त्याच्याकडेही तक्रारच आली होती, की काळा धागा नीट काळा दिसत नाही. धाग्याचा रंग ठीक होता, शेजारचा रंग खेळ करत होता.

म्हणून रंगीत भाग पडद्यावर असताना करड्याची छटा नजरेने दुरुस्त करायला जाऊ नका. 'कलर पिकर'ने आकडे वाचा. आणि मग जाणूनबुजून करड्यात किंचित ऊब घाला. सगळ्यात सोपी रीत म्हणजे करड्या लेयरची ओपॅसिटी १०० वरून ९० वर आणायची. मूळ रंग दहा टक्के झिरपतो, हातात जीव येतो, मेंदीला तांबूसपणा येतो, अष्टपुत्री पिवळसर भासते पण पिवळी होत नाही. ८५च्या खाली गेलात तर मात्र फोटो उन्हात विटलेला वाटतो आणि चुड्याचा उठाव जातो. कुंकवाच्या फोटोत ही ऊब हवीच. चुड्याच्या फोटोत करडा आधीच तांबूस भासत असतो, म्हणून तिथे मी ९५ वरच थांबते.

चुड्याचा हिरवा मात्र थोडा खाली आणावा लागतो. भोवतीचे रंग गेल्यामुळे तो मूळ फोटोपेक्षा भडक वाटतो. खालच्या लेयरवर 'ह्यू-सॅच्युरेशन'मध्ये हिरव्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, दहा-पंधराने कमी करा. शिकाऊ मुलांना हे सांगितलं की ती नेमकी उलट दिशेला पट्टी ओढतात.

छपाई

करिझ्मा अल्बमची १२ बाय ३६ इंचांची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होते. फोटो एवढ्या मोठ्या जागेवर पसरणार असेल तर कडांचं काम दुप्पट काळजीने करा, कोपऱ्यात छोटा बसणार असेल तर फटींमागे लागू नका. लॅबला फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. रंगीत फोटोच्या कागदावर करडा छापताना तो हिरवट किंवा गुलाबी होऊ शकतो, आणि पूर्ण रंगीत फोटोत लपणारी ही झाक इथे उघडी पडते. म्हणून अख्खी शीट देण्याआधी त्याच लॅबकडून त्याच कागदावर एक ४ बाय ६ काढून घ्या आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघा. ट्यूबलाइटखाली पास केलेला करडा दारात नेल्यावर वेगळाच निघतो.

घाई असेल तर, आणि मोबाइलवर

लाइटरूम या प्रोग्रॅममध्ये एक झटपट वाट आहे. रंगांच्या पट्ट्यांत सॅच्युरेशनला आठ रंग दिसतात. हिरवा सोडून बाकी सगळे उणे १०० करा. मास्कची गरजच नाही. पण चुड्याचा गडद हिरवा बऱ्याचदा 'अॅक्वा'मध्येही मोजला जातो, तेव्हा तो पूर्ण उणे १००पर्यंत नेऊ नका. आणि आंब्याच्या पानांचं तोरण रंगीत ठेवायचं असेल तर पानं हिरव्यापेक्षा पिवळ्याच्या पट्टीने जास्त हलतात, हे बघून चकित होऊ नका. अष्टपुत्रीचा काठ अर्थात चुड्याबरोबर हिरवाच राहील. तो ब्रशने वेगळा मारावा लागेल.

मोबाइलवर स्नॅपसीड हे अॅप फुकट आहे. 'टूल्स'मधून 'ब्लॅक अँड व्हाइट' लावा. त्यातच रंगीत फिल्टरचा पर्याय आहे, तो लाल किंवा नारिंगी करून बघा, मोनो मिक्सरमध्ये आपण जे केलं त्याचीच ही छोटी आवृत्ती. टिक करा. मग केलेल्या बदलांची यादी उघडा, 'व्ह्यू एडिट्स', त्यातल्या 'ब्लॅक अँड व्हाइट'वर बोट ठेवा आणि ब्रशचं चित्र निवडा. फोटो परत रंगीत झालेला दिसेल, घाबरू नका. 'इन्व्हर्ट' दाबलं की करडा सगळीकडे पसरतो. आता ब्रशची किंमत ० करून चुड्यावर बोट फिरवा. फोटो जितका झूम कराल तितका ब्रश बारीक होतो, वेगळी पट्टी शोधू नका. तुमच्या आवृत्तीत बटणं इकडेतिकडे असतील, क्रम हाच राहतो. गूगल फोटोजमधलं 'कलर पॉप' मात्र वेगळं काम करतं: ते माणूस रंगीत ठेवतं आणि मागचं करडं करतं. चुडा तेवढा, असं त्याला सांगता येत नाही.

काही कॅमेऱ्यांत हा प्रकार आतच असतो. सोनीत 'पार्शल कलर', कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांत 'कलर अॅक्सेंट', निकॉनमध्ये 'सिलेक्टिव्ह कलर'. खेळायला ठीक. जेपीईजीत एकदा करडं झालेलं परत रंगीत होत नाही, म्हणून लग्नात ते चालू करून काढू नका.

उलटं काम आलं तर

याच गिऱ्हाइकांच्या घरून कधी पणजीचा जुना काळा-पांढरा फोटो येतो, "कुंकू तेवढं लाल करून द्या" म्हणून. नवा लेयर घ्या, त्याचा मोड 'कलर' करा (गिंपमध्ये त्याला 'एचएसएल कलर' म्हणतात) आणि लाल ब्रश मारा. बहुतेकदा काहीच होत नाही, कारण हा मोड खालचा उजळ-गडदपणा तसाच ठेवतो आणि पणजीचं कुंकू काळं असतं. खूप जुन्या प्लेट आणि फिल्म लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या असत. लाल ते सगळं काळं यायचं. म्हणून आधी मूळ लेयरच्या नकलेवर 'डॉज' टूलने किंवा 'कर्व्हज'ने कुंकवाची जागा मधल्या करड्यापर्यंत उजळा, मग वर रंग द्या. रंग चौकटीतला शुद्ध लाल घेऊ नका, किंचित तपकिरीकडचा घ्या. आणि लुगडं रंगवायला सुरुवात करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते कोणत्या रंगाचं होतं.

फाइल जेपीईजी करून लॅबला दिलीत तरी लेयर आणि मास्कसकट गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी फाइल जपून ठेवा, अल्बम घरी पोचून महिना होईपर्यंत तरी. सासरच्यांना दाखवून झाल्यावर "तो एक फोटो पूर्ण कलरमध्येच करून द्या की" असा फोन येतो. मास्क असेल तर करड्या लेयरचा डोळा बंद करायला एक क्लिक लागतो. नवी शीट छापायचे पैसे मात्र आधीच सांगून ठेवा.